मॅनिफेस्टेशनबद्दल सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या नंदनवन भागात आमची छोटीशी अभ्यासिका आहे. एमपीएससी, बँक, तलाठी, पोलीस भरती, सगळ्या तयारीची पोरं-पोरी पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून राहतात, आणि गेल्या काही वर्षांपासून चालू घडामोडींच्या वहीशेजारी मॅनिफेस्टेशनची वही पण दिसायला लागली. पोरं विचारतात, त्यांच्या आया फोन करून विचारतात, शेजारच्या काकूंना पण घर घ्यायचं आहे म्हणून त्या पण विचारतात. प्रश्न तेच ते येतात म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून काढलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिणं, रोज डोळ्यापुढे आणणं, हे मला मनापासून पटते आणि मी स्वतः करते. पण आपला विचार बाहेर जाऊन ब्रह्मांडातून काहीतरी ओढून आणतो हे मला पटत नाही, आणि इच्छा पूर्ण नाही झाली की "तुझेच विचार कमी पडले" असं पोरांना सांगणं हे तर मला फार लागते.

मॅनिफेस्टेशन म्हणजे नेमकं काय राहते?

जे हवं आहे ते मिळालंच आहे असं समजून त्याचा विचार करायचा, तसं बोलायचं, लिहायचं, चित्र डोळ्यापुढे आणायचं आणि तसंच वाटून घ्यायचं, म्हणजे ते खरंच आयुष्यात येते, असा हा समज. याच्यामागे जो नियम सांगतात त्याला लॉ ऑफ अट्रॅक्शन म्हणतात, म्हणजे जसा विचार तशी गोष्ट तुमच्याकडे येणार. अफर्मेशन (स्वतःबद्दलचं चांगलं वाक्य परत परत म्हणणं), व्हिजन बोर्ड (हव्या त्या गोष्टींची चित्रं लावलेला फलक), स्क्रिप्टिंग (मिळालंच आहे असं सविस्तर लिहून काढणं), ३६९ (तेच वाक्य ठरावीक वेळा लिहिणं) हे सगळे त्याचेच प्रकार. रील्समुळे हा शब्द इतका पसरला की केंब्रिज डिक्शनरीने २०२४ चा वर्षाचा शब्द म्हणून 'मॅनिफेस्ट' हाच निवडला.

हे आपल्याच ऋषीमुनींचं आहे ना? परदेशी लोकांनी आपल्याकडूनच घेतलं म्हणतात

संकल्प, ध्यान, नामस्मरण हे आपल्याकडे जुनंच आहे, त्यात वाद नाही. पण आज जे मॅनिफेस्टेशन म्हणून शिकवतात त्याची गाडी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतून निघाली. तिथं फिनीअस क्विम्बी नावाचा एक माणूस होता, आजाराचं मूळ चुकीच्या समजुतीत असते असं तो सांगायचा, आणि त्याच्यासारख्यांच्या विचारातून न्यू थॉट नावाची चळवळ उभी राहिली. १९०६ साली विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन याने पुस्तकाच्या नावातच लॉ ऑफ अट्रॅक्शन हे शब्द वापरले. हा अ‍ॅटकिन्सन पेशाने वकील, आणि यानेच योगी रामचारक असं भारतीय नाव घेऊन योगावर पण पुस्तकं लिहिली, म्हणून मग वाचणाऱ्याला वाटते की हे सगळं थेट हिमालयातून आलं. पुढे २००६ मध्ये 'द सीक्रेट' ही फिल्म आणि त्याच नावाचं पुस्तक आलं आणि तेव्हापासून हे घराघरात पोचलं.

ताई, सरळ सांगा न, काम करते का नाही?

अर्धं करते, आणि कोणतं अर्धं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे म्हणून इथं जरा थांबून वाचा.

गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच विषयावर कितीतरी वर्षं काम केलं आहे. १९९१ मध्ये त्यांचा एक अभ्यास आला, वजन कमी करायच्या प्रोग्रॅममधल्या बायकांवर. ज्या बायकांना "मला जमेल" अशी अपेक्षा होती त्यांचं वजन जास्त कमी झालं, पण ज्या बायका बारीक झाल्याची गोड गोड चित्रं रंगवत बसायच्या, त्यांची घट मात्र वर्षभरानंतर बाकीच्यांपेक्षा जवळजवळ ११ किलोने कमी भरली. म्हणजे बघा, विश्वास ठेवणं आणि स्वप्न रंगवणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या, आणि परिणाम अगदी उलटा. नोकरी शोधणाऱ्या ग्रॅज्युएट मुलांचं पण तेच, ज्यांनी नोकरीची स्वप्नं जास्त रंगवली त्यांना दोन वर्षांनी ऑफर कमी आल्या आणि पगार पण कमी मिळाला. कारण असं की मनाला ते मिळाल्यासारखंच वाटते आणि अंग सैल पडते. २०११ च्या एका अभ्यासात तर अशी चित्रं रंगवताना लोकांचा वरचा बीपी खाली आलेला दिसला. आपल्याकडे मनात मांडे खाणं म्हणतात ते हेच, खाल्ल्याचं समाधान होते आणि चूल पेटवायला कोणी उठत नाही.

आता दुसरी बाजू. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग झाला, परीक्षेच्या काही दिवस आधी. काही मुलांना सांगितलं की चांगले मार्क मिळाले, बोर्डावर निकाल बघून आनंद झाला असं रोज डोळ्यापुढे आणा. दुसऱ्या मुलांना सांगितलं की अभ्यास करताना स्वतःला बघा, कुठं बसलो, पुस्तक उघडलं, टीव्ही बंद केला, असं. दुसऱ्या गटातल्या मुलांनी अभ्यास लवकर सुरू केला आणि मार्क पण जास्त मिळवले.

म्हणून मी पोरांना म्हणते डोळे मिटा, जरूर मिटा, पण वर्दी घालून जीपमधून उतरताना स्वतःला बघू नका, पहाटे साडेपाचला रेशीमबाग ग्राउंडवर तिसऱ्या राऊंडला धाप लागली आहे आणि तरी पाय उचलून राहिले, ते बघा.

मग वहीत नेमकं काय लिहायचं?

ओटिंगेनबाईंचीच एक पद्धत आहे, इंग्रजी आद्याक्षरं घेऊन तिला वूप म्हणतात. चार गोष्टी लिहायच्या: इच्छा काय, पूर्ण झाली तर सगळ्यात छान काय वाटेल, माझ्या आतला अडथळा कोणता, आणि तो अडथळा आला की मी काय करणार. शेवटचं वाक्य "जर असं झालं तर मी हे करीन" याच साच्यात लिहायचं. असे जर-तरचे बेत नुसत्या "मी करीनच" पेक्षा जास्त कामी येतात हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं आहे.

एक उदाहरण सांगते. उमरेडकडची एक मुलगी, पीएसआयची तयारी करून राहिली होती. मे महिना, कूलर फुल स्पीडवर, खिडकीजवळच्या टेबलावर तिची शंभर पानी वही उघडी, आणि अख्खं पान लाल पेनाने भरलेलं, "माझी पीएसआय म्हणून निवड झाली आहे", वरपासून खालपर्यंत एकच ओळ. कूलरचे तुषार उडून पान लाटालाटांचं झालेलं, आणि वरच्या ओळींचं अक्षर सुंदर, खाली येता येता नुसती रेघोटी. मी म्हटलं, छान आहे, आता समोरच्या कोऱ्या पानावर लिही की काय आड येते. तिने लिहिलं "वेळ मिळत नाही". मी म्हटलं तू इथं दिवसभर बसते, वेळेचं नको सांगू. मग लिहिलं "गणिताची भीती". म्हटलं भीती वाटते तेव्हा तू काय करते? बराच वेळ काही बोलली नाही, मग बारीक अक्षरात लिहिलं, "टेस्टमध्ये चुकलेला पेपर परत उघडून बघायची लाज वाटते".

हा खरा अडथळा. तो सापडला की पुढचं सोपं असते. तिने खाली लिहिलं, "टेस्टचे मार्क कळले आणि वही बंद करावीशी वाटली, तर चुकलेले तीन प्रश्न सोडवूनच डबा उघडीन". लाल ओळी पण तिने चालू ठेवल्या, मी अडवलं नाही, लिहून तिला बरं वाटत होतं. तिचा निकाल काय लागला ते मुद्दाम इथं लिहीत नाही, कारण तो जागा किती निघाल्या, कटऑफ किती गेला यावर पण असतो आणि त्यावरून ही पद्धत बरोबर का चूक ते ठरत नाही.

३६९ चांगली का ५५ गुणिले ५?

३६९ मध्ये तेच वाक्य सकाळी ३, दुपारी ६ आणि रात्री ९ वेळा लिहायचं, दुसऱ्यात पाच दिवस रोज ५५ वेळा. निकोला टेस्लाचं नाव लावून ३६९ खपवतात, पण टेस्लाने अशी काही मेथड दिलेली नाही, ही सोशल मीडियावरून पसरली. आकड्यात काही नाही. लिहिताना लक्ष एका जागी राहते एवढाच फायदा, तो एकदा नीट लिहूनही मिळतो. ५५ वेळा लिहायला जो वेळ जातो त्यात बुद्धिमत्तेचे पाच-सहा प्रश्न सुटतात.

अफर्मेशन म्हणताना मला खोटं खोटं वाटते, माझ्यातच काही कमी आहे का?

काही कमी नाही. कॅनडात २००९ मध्ये यावर अभ्यास झाला, लोकांना "मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे" असं वाक्य मनात म्हणायला लावलं. ज्यांचा स्वतःवर आधीच विश्वास होता त्यांना थोडं बरं वाटलं, आणि ज्यांचा नव्हता त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच हे औषध लागू पडत नाही. आरशासमोर "मी करोडपती आहे" म्हटलं की आतून लगेच आवाज येतो, किराण्याची उधारी बाकी आहे. मग वाक्य असं ठेवा की जे म्हणताना मान खाली जाणार नाही. "मी काल एक चॅप्टर संपवला, आज दुसरा घेते." हे खरं आहे आणि ते तुमचंच आहे.

निगेटिव्ह विचार आला तर तो पण खरा होईल का? आई म्हणते वास्तू तथास्तु म्हणते

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक रात्री येतो. आपल्या घरात हे लहानपणापासून ऐकतो आपण, शुभ बोल, अभद्र बोलू नको, वास्तू तथास्तु म्हणत असते. घरात सांजवेळी भांडण नको, तोंडातून वाकडं नको, यासाठी ते चांगलंच आहे. पण त्याच्यावर हे रील्सवालं चढलं की पोरं स्वतःच्या डोक्याला घाबरायला लागतात. नापास झालो तर, असा विचार आला की "कॅन्सल कॅन्सल" म्हणायचं, चुटकी वाजवायची, परत पॉझिटिव्ह वाक्य दहा वेळा, आणि तेवढ्यात परत तोच विचार.

तो परत येणारच. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि त्यांच्या डोक्यात अस्वल येतच राहिलं. दाबलेला विचार जास्त उसळतो. त्यात तुमची चूक नाही, मन असंच चालते.

आणि हे मी अगदी ठामपणे लिहिते, विचाराने अपघात होत नाही, विचाराने बाबांना अटॅक येत नाही, विचाराने पेपर फुटत नाही आणि परीक्षा पुढे ढकलली जात नाही. एक मुलगा आमच्याकडे रडला होता की मीच आजोबांबद्दल वाईट विचार केला म्हणून ते गेले. कोवळ्या पोराच्या डोक्यावर एवढं ओझं कोणी ठेवलं? भीती वाटली तर ती वहीत लिहा, ती अडथळ्याच्या रकान्यात कामी येते. ग्राउंडला पाय मुरगळला तर काय, असं वाटत असेल तर चांगले बूट घ्या आणि वॉर्मअप करा. काळजीतून तयारी झाली तर ती काळजी वाया नाही गेली.

पण माझ्या मैत्रिणीने लिहिलं आणि तिचं झालं न!

झालं असेल, मला तिचा आनंदच आहे. पण ज्यांनी लिहिलं आणि नाही झालं ते व्हिडिओ बनवत नाहीत, म्हणून ते दिसत नाहीत. आणि आपण एखादी गोष्ट मनात धरली की ती सगळीकडे दिसायला लागते, पांढरी अ‍ॅक्टिव्हा घ्यायची ठरवली की बर्डीपासून धंतोलीपर्यंत पांढऱ्या अ‍ॅक्टिव्हाच दिसतात, गाड्या तेवढ्याच असतात, नजर बदलते. या नजर बदलण्याचा फायदा मात्र खरा आहे. काय पाहिजे ते पक्कं असलं की जाहिरात दिसते, ओळखीच्याला विचारायचं सुचते, फॉर्मची शेवटची तारीख लक्षात राहते. तिचं जे झालं त्यात याचा वाटा नक्की असेल.

क्वांटम फिजिक्सने सिद्ध झालं आहे म्हणतात?

नाही. क्वांटमचे नियम अणू आणि त्याहून बारीक कणांचे आहेत. तिथं निरीक्षण म्हणजे उपकरणाने केलेलं मोजमाप, तुमची इच्छा नाही. जो कोणी स्टेजवरून "व्हायब्रेशन, फ्रिक्वेन्सी, क्वांटम" एका दमात म्हणते त्याला फिजिक्सचा एक साधा प्रश्न विचारून बघा.

टेकडी गणपतीला नवस बोलतो, ते आणि हे एकच ना?

मला नाही वाटत. नवसात आपण दुसऱ्यापुढे हात जोडतो, झालं तर पायी येईन, नारळ वाहीन, आणि नाही झालं तर देवाची मर्जी म्हणून मन मोकळं होते. मॅनिफेस्टेशनमध्ये नाही झालं तर सगळा दोष आपल्याच डोक्याचा. श्रद्धेने जो टेकडीवर किंवा कोराडीला जातो त्याला मी कधी नको म्हणत नाही. फक्त असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं दोन्हीकडे चालत नाही.

इच्छा कोणाला सांगू नये, नजर लागते, हे खरं का?

नजरेचं बाजूला ठेवू. २००९ मध्ये गोल्विट्झर यांनीच दाखवलं की "मी वकील होणार" सारखा बेत दुसऱ्याने ऐकून त्याची दखल घेतली की काही जण प्रत्यक्ष कामात कमी मेहनत घेतात, कारण सांगण्यातच थोडं वकील झाल्यासारखं वाटते. म्हणून स्टेटसवर "भावी डेप्युटी कलेक्टर" टाकू नका, एवढं मी पण सांगते.

पण सांगूच नये असं नाही. आपल्या नागपूरचंच बघा. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला जाहीर सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपल्या दीक्षाभूमीवर. मधली एकवीस वर्षं वाचन, धर्मांचा अभ्यास, लोकांशी बोलणं, लिखाण. लाखो लोकांसमोरचा तो दिवस नुसत्या घोषणेने उगवला नाही. सांगायचं असेल तर अशा एका माणसाला सांगा जो पुढच्या रविवारी विचारेल, किती झालं?

२१ दिवसांत होते म्हणतात

२१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनकडून आला. ऑपरेशननंतर नवा चेहरा आपलासा वाटायला पेशंटला साधारण तेवढे दिवस लागतात असं त्याने १९६० साली लिहिलं होतं, लोकांनी त्याचा नियम केला. लंडनमध्ये सवयींवर अभ्यास झाला त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ पर्यंत अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हे पण त्यातच दिसलं.

हॉलमध्ये वर्कशॉप आहे, फी भरू का?

वही आणि पेन सोडून कशालाच पैसे लागत नाहीत. मन एकाग्र करायला कोणी शिकवत असेल, फी झेपत असेल, तर तुमची मर्जी. पण "बेसिक झालं, आता अ‍ॅडव्हान्स घ्या", "पैसे दिले की पैसे येतात", "ब्रह्मांड पुरवेल, कर्ज काढा" हे सुरू झालं की उठून या. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा अभ्यास आला, त्यात मॅनिफेस्टेशनवर जास्त विश्वास असणारे लोक स्वतःला जास्त यशस्वी समजत होते, पण धोक्याच्या गुंतवणुकीकडे त्यांचा ओढा जास्त होता आणि दिवाळखोरीचा अनुभव पण त्यांच्यात जास्त होता. इतवारीतला व्यापारी पण उधारीची वही बघितल्याशिवाय माल भरत नाही, तुम्ही वडिलांची एफडी मोडून ब्रह्मांडावर कशाला सोडता? ऑनलाइन फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० वर फोन करा.

आजार बरा होतो का?

मन शांत असेल तर झोप लागते, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, पथ्य पाळलं जाते. याच्या पुढे नाही. शुगर, गाठ, छातीत दुखणं यासाठी डॉक्टर. मंत्र-ताईत-कवचाने कॅन्सर किंवा डायबिटीस बरा होतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही, जीव नकोसा वाटते, असं असेल तर वही बंद करा आणि १४४१६ वर बोला, टेली मानस म्हणून सरकारची फुकट सेवा आहे, मराठीत बोलता येते. मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी पण आहे. तिथं जाणं म्हणजे पॉझिटिव्ह राहता आलं नाही असं नाही.

सगळं केलं, वूप पण केलं, तरी नाही झालं. आता?

आधी दोन-चार दिवस काही लिहू नका. घरी जा, झोपा, पोटभर खा.

मग तीच चार वाक्यं परत लिहा, पण अडथळ्याच्या ओळीवर खरं लिहा. अडथळा आपल्या हातातला असेल तर पुढचा बेत करा. वयाची अट संपत आली, घरचे पैसे संपले, अंगाला झेपत नाही, असं निघालं तर ती इच्छा सोडून द्यायला पण हीच पद्धत मदत करते. ओटिंगेनबाईंच्या अभ्यासात हे पण दिसलं की ज्यांनी अडथळा नीट बघितला ते न जमणाऱ्या गोष्टीतून लवकर मोकळे झाले आणि दुसरीकडे लागले. आमच्याकडे चार वर्षं बसलेला एक मुलगा आता मिहानमध्ये नोकरीला आहे. त्याने वही माझ्याकडेच ठेवायला दिली आणि जाताना विचारलं की ताई, सोडलं म्हणजे मी हरलो का. मी नाही म्हटलं, आणि त्याच्या जागेवर दुसऱ्या दिवशी जी मुलगी बसली तिला आधी समोरच्या कोऱ्या पानाबद्दल सांगितलं.